दिसायला एकदम फिट!

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. फुकट ते पौष्टिक या न्यायाने सगळं फ्लोअर रांगेत उभं. मीही राहिलो. खरं सांगायचं तर कॉफी मशीनच्या रांगेपेक्षा ही रांग लहान होती म्हणून. रक्त काढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय गरज होती? दिसायला तर एकदम फिट आहात!" शेजारच्या टीममधला आमचा अण्णा (शंभरच्या वर वजन, खरं नाव वेगळं) माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ, याला म्हणतात जीन्स!" मी पण फुशारलो जरासा. खोटं का बोला.

रिपोर्ट मेलवर आला. वय ३४, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६६ किलो, बीएमआय २२.१. इथपर्यंत सगळं हिरवं. खाली एचबीएवनसी ६.२, तांबड्या अक्षरात. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ आणि पुढे मधुमेह, मधे असलात तर उंबरठ्यावर. म्हणजे मी उंबरठा ओलांडायला एक पाय उचललेला. ट्रायग्लिसराइडबद्दल बोलायलाच नको. आणि अण्णाचे सगळे आकडे नॉर्मल!

आईला सांितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अरे, पण तुझ्या अंगावर मांस कुठाय? तुला कशी होईल साखर?" दुसरा प्रश्न, "लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या नसतील ना?" हा दुसरा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून परत चाचणी केली. ६.१. असो.

तर गेले दोन शनिवार डोक्यात एकच किडा वळवळतोय. माणूस दिसतो कसा यावरून तो आतून कसा आहे हे कळतं, हे आपण इतकं धरून का चालतो? आपल्या भाषेतच बघा ना. 'तब्येत' म्हणजे आरोग्य, पण 'तब्येत सुधारली' म्हणजे माणूस जाडा झाला. 'अंगावर तेज आलंय', 'चेहरा उतरलाय', 'खात्यापित्या घरची दिसते', 'बाळसं धरलंय'... सगळं डोळ्यांनी चाललेलं निदान. डॉक्टर नंतर, शेजारच्या काकू आधी.

यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये उत्क्रांतीची पुस्तकं वाचलेला एक जण हमखास असतो. आमच्याकडेही आहे. त्याचं म्हणणं असं की सौंदर्य म्हणजे निसर्गाने दिलेलं आरोग्याचं सर्टिफिकेट. मोराचा पिसारा बघ, तो रोगट मोराला परवडतच नाही, म्हणून लांडोर पिसारा बघून नवरा निवडते. माणसाचंही तसंच. सुंदर चेहरा म्हणजे चांगली रोगप्रतिकारशक्ती, गोष्ट संपली.

ही कल्पना काही अगदीच टाकाऊ नाही. १९८२ साली हॅमिल्टन आणि झुक या दोघांनी पक्ष्यांबद्दल जवळपास असंच मांडलं होतं, की भडक रंगाचे नर आपल्या अंगात परजीवी कमी असल्याची जाहिरात करत असतात. पक्ष्यांवर त्यानंतर ढीगभर काम झालं, काही बाजूने, काही विरुद्ध. पण मोरावरून थेट सदाशिव पेठेतल्या स्थळांवर उडी मारायची म्हणजे जरा जास्तच झालं की नाही?

माणसांवर हे तपासलं गेलंय. मला सगळ्यात आवडलेला अभ्यास १९९८ चा आहे, कॅलिक, झेब्रोविट्झ, लँगलॉइस आणि जॉन्सन या चौघांचा. यांची युक्ती साधी पण जबरदस्त होती. कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकात जन्मलेल्या मुलामुलींवर एक दीर्घ अभ्यास आधीच चालू होता. त्यांचे साधारण सतराव्या वर्षीचे फोटो होते, आणि लहानपणापासून उतारवयापर्यंतच्या तब्येतीच्या नोंदी होत्या. या लोकांनी ते जुने फोटो अनोळखी माणसांना दाखवले. हे किती सुंदर दिसतात सांगा, हे किती निरोगी वाटतात सांगा. मग ती उत्तरं खऱ्या नोंदींशी जुळवून पाहिली. सतराव्या वर्षीच्या सौंदर्याचा ना त्या वेळच्या तब्येतीशी संबंध निघाला, ना मध्यमवयाच्या, ना म्हातारपणाच्या.

यातली खरी गंमत पुढे आहे. लोक सुंदर चेहऱ्यांना न चुकता 'निरोगी' म्हणत होते. आणि सौंदर्याचा भाग गणिताने बाजूला काढला, तर त्याच लोकांचे तब्येतीबद्दलचे अंदाज थोडे बरे निघत होते! म्हणजे चेहऱ्यावर आरोग्याची काहीतरी बारीकशी खूण असेलही, पण सुंदर चेहरा समोर आला की आपण दिपतो आणि ती खूण दिसेनाशी होते. सौंदर्य आरोग्याची बातमी देण्याऐवजी ती दाबून टाकतं. कँटीनवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एकच स्टडी आहे यार." बरं.

आता न्यायाने वागायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण चेहरा अगदीच मुका नसतो. स्टॉकहोमच्या काही संशोधकांनी २०१० साली २३ जणांचे फोटो दोनदा काढले, एकदा नीट झोप झाल्यावर आणि एकदा ३१ तास जागं ठेवून. बघणाऱ्यांना जागरणाचे फोटो कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटले. (रिलीजच्या रात्रीनंतर आमच्या टीमचा फोटो काढा, एवढ्या प्रयोगाची गरज नाही.) स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तर असंही दिसलं की फळं-भाज्या वाढवल्या की सहा आठवड्यांत कातडीच्या रंगात बारीकसा फरक पडतो, गाजर-पालकातल्या कॅरोटिनॉइडमुळे, आणि तो रंग लोकांना तजेलदार वाटतो. हे प्रयोग मुख्यतः गोऱ्या कातडीवरचे, हे लक्षात ठेवून म्हणतो, पण मला पटतात.

म्हणजे चेहरा काय सांगतो? काल रात्री झोप झाली का, ताप आहे का, गेल्या महिन्यात भाजी पोटात गेली का. आपल्या धंद्यातल्या भाषेत बोलायचं तर चेहरा म्हणजे सर्व्हरच्या पुढ्यातला लुकलुकणारा दिवा. पंखा बंद पडला तर लाल होईल. पण आत डेटाबेसमध्ये तीन वर्षं हळूहळू घोळ साठतोय, हे त्या दिव्याला कळत नाही. तो बिचारा शेवटच्या दिवसापर्यंत हिरवा असतो. आणि चाळिशी-पन्नाशीत आपल्याला गाठणारे रोग बहुतेक या दुसऱ्या जातीचे. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. यांना चेहराच नसतो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायचीय. जरा वैयक्तिक आहे.

२०१३ सालची. माझी मावसबहीण, तेव्हा पंचवीसची. लग्न ठरलेलं, मे महिन्याचा मुहूर्त. जानेवारीपासून ती बारीक व्हायला लागली. आधी थोडी अंगाने भरलेली होती, त्यावरून आयुष्यभर टोमणे खाल्लेले. आता गालांवर लाली, डोळे मोठे आणि चमकदार, हातात बांगड्या सैल. घरात कौतुकाचा पूर. "काय सुंदर दिसायला लागलीस गं!" "लग्नाचं तेज आलं!" "डाएट कुणाचं करतेस?" साखरपुड्याच्या फोटोत ती खरोखर एखाद्या नटीसारखी दिसते. मीसुद्धा म्हणालो होतो, ताई, मस्त दिसतेस. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती दगदगीची. खोकला होता, तो धुळीचा. रात्री घामाने उशी भिजायची, तर पुण्यात उन्हाळा लवकर आला म्हणून.

मार्चमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. क्षयरोग. उजव्या फुप्फुसात वरच्या भागात डाग.

तो सुंदरपणा म्हणजे तो आजार होता. गालावरची लाली संध्याकाळच्या तापाची, आणि बारीकपणा जंतूंनी खाल्लेल्या मांसाचा. ती आधीइतकीच गोलमटोल राहिली असती आणि नुसती खोकली असती, तर कुणीतरी तिला जानेवारीतच डॉक्टरकडे ढकललं असतं असं मला आजही वाटतं. आमच्या कौतुकात तिचे दोन-अडीच महिने गेले. त्यात ती आजीच्या खोलीत झोपायची. आजीला काही झालं नाही, नशीब.

हे नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात हीच फॅशन होती. क्षयाने फिकट पडलेली कातडी, लाल गाल, चमकते डोळे, बारीक कंबर, हे रूप इतकं देखणं मानलं जायचं की धडधाकट बायका तसं दिसण्यासाठी पावडरी फासायच्या. डोळे मोठे दिसावेत म्हणून बेलाडोना नावाच्या विषारी झाडाचे थेंब घालायचे. त्या नावाचा इटालियन अर्थच 'सुंदर बाई'. मग २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये जाहीर केलं की क्षय जंतूमुळे होतो, आणि त्या काव्यातली हवा हळूहळू निघून गेली. योगायोग बघा, त्याच वर्षी लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि त्याचा एक डॉक्टर सहकारी क्षयाच्या शेकडो रोग्यांचे फोटो एकावर एक छापून 'क्षयाचा चेहरा' शोधत होते. असा काही खास चेहरा असतो असं तेव्हाचे डॉक्टर मानायचे. सापडला नाही. रोग्यांचे चेहरे इतरांसारखेच निघाले.

ताई सहा महिने गोळ्या घेऊन पूर्ण बरी झाली. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायच्या. लग्न पुढे ढकललं, मुलाकडच्यांना 'मुहूर्तात अडचण' असं सांगितलं. (ताईने स्वतः नवऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं होतं हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. थोर माणूस, वाट बघत थांबला.) गोळ्या संपेपर्यंत तिचं वजन सात किलो वाढलं होतं. ते सात किलो म्हणजे तिचा खरा रिपोर्ट! आणि लग्नात त्याच काकू तिला काय म्हणाल्या असतील? "अगं, साखरपुड्यात किती छान दिसत होतीस. मधे सुटलीस जरा."

ताई हसली होती. मला मात्र हातातलं पन्हं त्यांच्या साडीवर सांडावंसं वाटलं होतं.

परत माझ्या ६.२ कडे येतो. माझ्यासारख्या 'काडीपैलवान' लोकांचं कोडं ज्यांनी उलगडलं ते डॉक्टर आपल्या पुण्यातलेच, हे मला या दोन आठवड्यांत नीट कळलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन यडकिन यांनी एक छोटंसं टिपण छापलं, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. फोटोत दोघेही सडसडीत, कुणीही म्हणेल फिट. पण यंत्राने मोजल्यावर यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! एकच बीएमआय, दुपटीहून जास्त चरबी. गंमत म्हणजे त्यात लिहिलंय की यडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं. हे वाचून मला एकदम घरच्या माणसाला भेटल्यासारखं वाटलं :)

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून. बारीक दिसणारी, पण तुलनेने चरबीदार बाळं. आता यात वाईट काय, तर जेवणातली साखर शोषून घ्यायचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती, की इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. वरून हातपाय काड्यांसारखे, त्यामुळे शंका कुणालाच येत नाही. दिल्लीत जन्मापासून मोजत आणलेल्या दीड हजार तरुणांच्या अभ्यासातही (तोही २००४ चाच) असंच दिसलं. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली होती ते दोन वर्षांचे होईपर्यंत बारीक होते, आणि नंतर भराभर भरत गेले होते. पण बाराव्या वर्षी त्यांच्यातलं कुणी लठ्ठ म्हणावं असं नव्हतं.

माझं जन्माचं वजन आईला तोंडपाठ आहे. सव्वादोन किलो. "उंदराएवढा होतास." मग तिने आणि आजीने मिळून जे काही तूपभात-शिरा मोहीम चालवली त्याचं फळ म्हणजे चौथ्या वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सवात सुदृढ बालक स्पर्धेत दुसरा नंबर. स्टीलचा पेला मिळाला होता, अजून घरात आहे. त्यांचा काय दोष? त्यांनी डोळ्यांना दिसलं ते दुरुस्त केलं. परीक्षकांनीही डोळ्यांना दिसलं त्याला बक्षीस दिलं.

मला 'सगळेच सुंदर असतात' छापाचं प्रवचन द्यायचं नाहीये. सुंदर माणूस सुंदर दिसतो, मला बघायला आवडतं, तुम्हालाही आवडतं. माझी तक्रार एवढीच की त्या सौंदर्याला आरोग्याच्या नावाने पगारवाढ देऊ नका. आपण अण्णाला रोज ऐकवतो, "तब्येतीसाठी सांगतोय रे." तब्येतीसाठी नाही हो. तसं असतं तर मलाही ऐकवलं असतं कुणीतरी. आपल्याला तो दिसायला खुपतो, एवढंच खरं. अण्णाने वजन कमी करावंच, शंभर किलोचा भार गुडघ्यांना आणि हृदयाला पडतोच, आज आकडे चांगले आहेत म्हणून कायम राहतील असं नाही. पण मागचे तीन वर्षांचे त्याचे रिपोर्ट फाइलमध्ये लावलेले आहेत, कारण लोकांनी घाबरवून घाबरवून त्याला दरवर्षी तपासायला लावलं. माझ्याकडे एकही नव्हता. मला सगळे म्हणायचे, तुला काय गरज.

आणि गोरेपणाबद्दल तर बोलायलाच नको. गोरं म्हणजे तजेलदार, तजेलदार म्हणजे निरोगी, हा हिशोब आपल्याकडे इतका पक्का की त्यासाठी लोक मूत्रपिंड घालवून बसतात. केरळमध्ये २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी तपासले, त्यातल्या पंधरा जणांचा प्रकार एरवी क्वचित दिसणारा निघाला, आणि त्या पंधरातले तेरा जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. अशा क्रीमांमध्ये पारा असतो. चेहऱ्यावर चकाकी, आणि लघवीतून प्रथिनं वाहून चाललेली. कँटीनवाल्या मित्राला विचारायचंय, हा पिसारा कसला म्हणायचा?

डॉक्टरांनी मला एक साधी गोष्ट सांगितली. वजनकाटा आणि आरसा दोन्ही विसरा, टेप आणा. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांना ८० च्या. बीएमआयसुद्धा आपल्या लोकांना २३ च्या आत, २५ नाही. मी ठणकावून सांगितलं, माझी जीन्स ३२ ची आहे! ते म्हणाले, जीन्स पोटाखाली बांधता, टेप बेंबीच्या पातळीला लावा.

आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली. पोट आत ओढायचं नाही अशी सक्त ताकीद होती. साडेछत्तीस इंच, म्हणजे जवळजवळ ९३ सेंटिमीटर. आईने चष्मा लावून परत वाचलं, टेप उलटी तर नाही ना बघितलं, मग काही न बोलता गुंडाळून ठेवली.

तीन महिन्यांनी परत रक्त द्यायचंय. तोवर रोज पाऊण तास चालणं, आठवड्यातून तीनदा डंबेल्स (स्नायू हवेत ना), आणि भात अर्धा. अण्णा संध्याकाळी बरोबर येतो चालायला, त्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. आज सकाळी आईने शिरा केला होता. मला अर्धी वाटी दिली, स्टीलच्या त्याच पेल्यातून पाणी दिलं, आणि स्वतः मात्र टेप घेऊन बाबांच्या मागे लागली. बाबा कसले ऐकतात, ते म्हणाले, "मला काय झालंय? बघ की माझ्याकडे."